कुंपणावरच्या फळ्या

बर्नडीन क्लिमेक त्या भिंतीसमोर उभी राहिली, की दुकानवाली डोरीन खुशाल खुर्ची ओढून बसायची. आता तासभर तरी ही बाई हलत नाही, हे तिला माहीत झालं होतं. भिंतीवर फळ्या टांगलेल्या होत्या. पिवळ्या, केशरी, हातभर लांब, एका टोकाला तिरप्या कापलेल्या. बोट संथ चालवत मागे गळ ओढत न्यायचे तर सगळे गळ बोटीच्या मागच्याच पट्ट्यात राहतात, आणि इंजिनाच्या आवाजाने मासा तिथून कधीच पांगलेला असतो. म्हणून गळाच्या दोरीला अशी फळी चिमट्याने अडकवायची. पाणी तिच्या तिरप्या अंगाला रेटतं आणि ती दोरीला घेऊन बोटीपासून लांब, बाजूला पळते. डावी फळी डावीकडे, उजवी उजवीकडे. ह्युरॉन सरोवराच्या या काठावर शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

बर्नी मात्र एकेक फळी उतरवून घेत होती, डोळे मिटून अंगठ्याने चिमटा दाबून पाहत होती आणि परत टांगत होती.

"बर्नी, मी नवरा निवडताना एवढा वेळ लावला नव्हता गं," डोरीन म्हणाली.

"म्हणून तर तीन निवडावे लागले तुला."

"तिसरा बरा निघाला. तेही न बघताच घेतला होता." डोरीन हसली आणि उठून जवळ आली. "ही बघ, नवीन आलीय. दोन्ही बाजूंना चालते. हा चिमटा काढायचा, पलीकडे बसवायचा, झाली डावीची उजवी. निम्म्या फळ्यांत भागतं."

बर्नीने ती हातात घेतली, चिमटा काढला, पलीकडे बसवला, पुन्हा काढला. मग मान हलवली. "नको. लक्षात ठेवायला आणखी एक गोष्ट."

"लक्षात काय ठेवायचंय त्यात?"

बर्नीने ती फळी परत टांगली. थोड्या वेळाने, सहज विचारल्यासारखं करून ती म्हणाली, "डोरीन, उलट्या बाजूला लावली फळी, तर किती वेळात बोटीखाली जाते गं?"

"ती काय वेळ लावते? लगेच आत वळते. दोरी बोटीच्या पंख्यात गुंतली की बसा बोंबलत. पण उलटी लावणार कोण? तू, का तुझा नवरा फ्लोरियन?" आणि डोरीन स्वतःच्याच बोलण्यावर खदखदून हसली.

"बोटीवरची गिऱ्हाइकं हात लावतात कधीकधी," बर्नी म्हणाली आणि तीही हसली. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ मागच्या हिवाळ्यापासून तिने इतकी घट्ट धरली होती की बोटं दुखायला लागली होती.

शेवटी तिने झेंडेवाल्या फळ्या घेतल्या. त्यांच्यावर छोटा लाल झेंडा असतो, मासा लागला की मागे पडतो. वेगळं काही आठवावं लागत नाही, नुसतं बघायचं. चिमटा मऊ, डाव्या-उजव्या वेगवेगळ्या घडवलेल्या. डोरीनला वाटलं बर्नी दुखऱ्या खांद्यामुळे एवढी चोखंदळ झालीय. सगळ्या बंदराला तसंच वाटत होतं, आणि बर्नीने कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

खांद्याची गोष्ट खोटी नव्हती. फ्लोरियन क्लिमेक हा मोठ्या फळ्यांचा माणूस. त्या फळ्या दुकानात मिळत नसत. सीडरच्या लाकडाच्या, दोन-दोन जोडलेल्या, बाजेच्या निम्म्या आकाराच्या, त्याने स्वतः गराजमध्ये रंधा मारून केलेल्या. बोटीच्या नाकाशी डोलकाठी, तिच्यावरून दोन जाड दोर, आणि दोरांच्या टोकांना त्या दोन फळ्या, एक लांब डावीकडे, एक लांब उजवीकडे. सकाळी एकदा सोडल्या की दिवसभर आपल्या चालतात. गळाच्या दोऱ्या चिमट्यांनी त्या दोरावरून घसरवत न्यायच्या. मासा लागला की चिमटा सुटतो आणि मासा नि माणूस यांच्यात मधे काहीही उरत नाही. फ्लोरियनला हेच आवडायचं. लहान फळीला तो "लंगोट" म्हणायचा. "मासा ओढायचा का लंगोट ओढायचा, आधी ठरवा," असं म्हणून तो धक्क्यावर बाकीच्या कॅप्टनांची टर उडवायचा.

पण संध्याकाळी त्या मोठ्या फळ्या आत ओढाव्या लागत. लाटेत त्या बैलासारख्या मागे खेचतात. लग्न झाल्यापासून फ्लोरियन सुकाणूवर आणि बर्नी दोरावर, अशी वाटणी होती. एकेकाळी या सरोवरात सॅमन मासा इतका होता की शहरातून लोक पैसे मोजून गळ टाकायला रांगा लावून येत आणि बंदरात बोटीला जागा मिळत नसे. मग सॅमन ज्या बारक्या चंदेरी माशांवर जगायचा, ते मासेच एका वर्षी नाहीसे झाले. सॅमन उपाशी मेला. मोटेल बंद पडली, बेकरी बंद पडली, कॅप्टन लोकांनी बोटी विकल्या. क्लिमेक राहिले, वॉलआय मासा धरू लागले, जेमतेम चालवलं. त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. बर्नीच्या खांद्यातला स्नायू फाटला आणि त्याच हिवाळ्यात फ्लोरियनच्या छातीत पेसमेकर बसला. त्यालाही ओढायची मनाई झाली.

"मग लहान फळ्या घ्या की," सगळं बंदर म्हणालं. यात अवघड काय आहे, तेच कुणाला कळेना.

अवघड होतं ते हे. त्या हिवाळ्यात फ्लोरियन ब्रेड आणायला गेला आणि परत येईना. बर्नी शोधत गेली, तर तो सेंट डॉमिनिक चर्चच्या बाहेर, बर्फात, इंजिन चालू ठेवून पिकअपमध्ये बसला होता. काच खाली करून म्हणाला, "आई येईलच एवढ्यात. प्रार्थना संपत आली असेल." त्याची आई जाऊन त्यांच्या मुलीच्या वयाइतकी वर्षं झाली होती. बर्नी त्याच्या शेजारी जाऊन बसली. थोडा वेळ दोघं मिळून सासूची वाट पाहत बसले, कारण दुसरं काय करायचं ते तिला सुचलं नाही.

त्यानंतर घरात एकेक गोष्ट सुटत गेली. कॉफीचं भांडं कुठे असतं, आज शुक्रवार आहे का, भिंतीवरच्या फोटोतली ही मुलगी कोण. ती फोटोतली मुलगी, त्यांची कॉनी, दूर ग्रँड रॅपिड्सला राहायची. ती फोनवर म्हणाली, "आई, इथे चांगली सोय आहे अशा लोकांची. नर्स आहेत, बाग आहे."

"पाणी आहे का?" बर्नीने विचारलं.

"तळं आहे छोटं. बदकं आहेत."

"बदकं," बर्नी म्हणाली आणि फोन ठेवला.

कारण बोटीवर पाऊल ठेवलं की फ्लोरियन फ्लोरियन व्हायचा. वारा कुठला, पाणी कुठे गरम, वॉलआय आज किती खोल, सगळं त्याच्या तोंडून धडाधडा यायचं. शिव्यासुद्धा जुन्या आणि जागच्या जागी. गाठ मारायला त्याच्या हातांना डोकं लागत नव्हतं. जमिनीवरचा नवरा रोज थोडा थोडा जात होता आणि पाण्यावर गेलं की तो परत मिळत होता. तेवढाच उरला होता तिला. तो सोडायची तिची तयारी नव्हती, आणि मी तिला दोष देणार नाही.

म्हणून फळीचा प्रश्न जीवघेणा होता. मोठ्या फळ्या म्हणजे दिवसातून एकदाच डावी-उजवी ठरवायची. त्या फ्लोरियनच्या डोक्याला चालल्या असत्या, पण दोघांच्या अंगाला पेलत नव्हत्या. लहान फळ्या अंगाला हलक्या, पण दर गळाला एक, आणि दर माशाला ती काढायची, पुन्हा लावायची, पुन्हा डावी का उजवी, दिवसभर. इकडे आड, तिकडे विहीर. बर्नीने विहीर निवडली.

तिने पोर्चवर बसून डाव्या फळ्या लाल रंगवल्या, उजव्या हिरव्या. बोटीच्या डाव्या कठड्याला लाल पट्टी चिकटवली, उजव्याला हिरवी. सुकाणूजवळ ट्रकचा जुना आरसा बसवला, म्हणजे पाठ न वळवता मागे फ्लोरियनचे हात दिसतील. सुकाणू आता तिच्याकडे होतं. खांद्यामुळे, असं तिने जाहीर केलं होतं. शेवटी प्रत्येक फळीवर काळ्या रंगाने मोठ्या अक्षरांत क्लिमेक असं लिहिलं. नाव घालायची पद्धतच आहे, कुंपणामुळे.

ते कुंपण धक्क्यावर डिझेलच्या पंपाशेजारी आहे. दोरी तुटली किंवा चिमटा सुटला की फळी सरोवरात वाहत जाते. ज्याला सापडेल त्याने ती आणून कुंपणाच्या तारेला टांगायची, ज्याची असेल तो येऊन घेऊन जातो. दुसऱ्याच्या फळीला कुणी हात लावत नाही. हंगाम संपला तरी एखाद्या फळीला मालक आला नाही, तर ती तशीच राहू देतात. अशा तीन-चार होत्या, रंग उडालेल्या. त्यांचे मालक कुठे आहेत हे सगळ्यांना माहीत होतं आणि समोरून जाताना म्हातारे कॅप्टन टोपीला हात लावायचे. फ्लोरियन तर टोपी पूर्ण काढायचा. आणि मग बढाई मारायचा, "या कुंपणावर क्लिमेकची फळी कधी लागली नाही. लागली ना, तर समजा क्लिमेक बुडाला." हे वाक्य बंदराने इतक्यांदा ऐकलं होतं की तो "या कुंपणावर" म्हणाला की पुढचं बाकीचेच म्हणून टाकायचे.

रंगवलेल्या फळ्या बघून फ्लोरियन पोर्चच्या पायरीवर बसला. "हे काय? बालवाडी काढलीस का?"

"लाल कुठे, सांग बघू."

"तुझ्या नाकावर. ऊन लागलंय."

"फ्लोरियन."

"लाल डावीकडे, हिरवी उजवीकडे. बर्नडीन, मी तुला हे शिकवलंय. तुला उलटी येत होती बोटीवर आणि मी तुझे केस धरून उभा होतो, तेव्हा शिकवलंय."

ते खरं होतं. आणि त्याला ते आठवत होतं. बर्नी आत गेली आणि नळ सोडून जरा रडली, आनंदाने. त्या आठवड्यात दोघंच दोनदा जाऊन आले. पाणी शांत होतं, आरशात त्याचे हात बरोबर चालले होते, लाल लालकडे, हिरवी हिरवीकडे. दुसऱ्या दिवशी दोन मासे मिळाले. तिने ते तळले, बटाट्याची धिरडी केली, आणि जेवताना तिला वाटलं, निघेल हा हंगाम. पुढचाही निघेल कदाचित. माणूस किती थोडक्यात फसतो.

मग हर्शेल आणि ड्वेन आले. हे टोलेडो शहरातले दोघे भाऊ दर उन्हाळ्यात गिऱ्हाईक म्हणून यायचे, सॅमनच्या दिवसांपासून. हर्शेल गप्प, ड्वेन तोंडाळ. बोटीवर चढल्याचढल्या ड्वेनला कठड्यावरच्या पट्ट्या दिसल्या.

"लाल, हिरवं! काय कॅप्टन, नाताळ लवकर आला का यंदा?"

"तू आलास म्हणजे शिमगाच आला," फ्लोरियन म्हणाला. दोघं भाऊ हसले. बर्नीनेही श्वास सोडला. आज त्याचं डोकं जाग्यावर होतं.

किनारा लहान झाला तशी बर्नीने बोट हळू केली. फ्लोरियनने पहिली दोरी सोडली, चिमटा लावला, फळी पाण्यात टाकली. लाल, डावीकडे. ती ऐटीत लांब पळाली. दुसरी लाल. मग तो उजव्या कठड्याशी आला, वाकला आणि पुन्हा लाल उचलली. आरशात बर्नीला दिसलं. तिने हाक मारेपर्यंत फळी पाण्यात गेली होती. क्षणभर ती जागच्या जागी थरथरली, मग नाक वळवून सरळ बोटीकडे आली आणि खाली घुसली. बर्नीने इंजिन बंद केलं.

"अरे अरे, कॅप्टन!" ड्वेन ओरडला. "लंगोट उलटा नेसलात की!"

फ्लोरियनने कठड्यावरच्या हिरव्या पट्टीकडे पाहिलं. मग हातातल्या दोरीकडे. दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं त्याच्या चेहऱ्यावर कुठेच दिसत नव्हतं.

"माझी चूक," बर्नी मोठ्याने म्हणाली. "मीच लाल पुढे ठेवल्या त्या बाजूला. चष्मा घरी राहिला आज."

"मागे तोंड करून उभं राहिलं की होतं असं," हर्शेल म्हणाला. "मलाही कळत नाही कधीकधी." तो वाकला, दोरी सोडवली, फळी वर काढली आणि हिरवी पुढे सरकवली. बर्नीला त्या गप्प माणसाचे उपकार वाटले आणि भीतीही वाटली.

सगळ्या फळ्या लागल्या. वारा पश्चिमेचा, लाट छोटी. तासभर काही झालं नाही. मग डावीकडच्या लांबच्या फळीचा झेंडा मागे पडला.

"लागला!" ड्वेनने गळाची काठी उचलली आणि दोरी गुंडाळायला लागला. दोरीबरोबर फळी जवळ येत गेली आणि काठीच्या टोकापाशी लटकली. इथे बोटीवरच्या माणसाने पटकन फळी काढायची असते, म्हणजे गिऱ्हाईक पुढे मासा ओढू शकतो. फ्लोरियनने हात पुढे केला, अंगठा दाबला, फळी निघाली. इतक्या सफाईने, की बर्नीला आरशात बघून बरं वाटलं.

पण तो फळी हातात घेऊन तसाच उभा राहिला. त्याने ती बाहीने पुसली. मग मान वर करून डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, दूरवर, जणू कुठे बोट दिसतेय का बघावं.

"कुणाची तरी सुटलीय," तो म्हणाला. "वाहत आली. बंदरात गेल्यावर कुंपणाला लावू. शोधत असेल बिचारा."

ड्वेन मासा ओढता ओढता हसला. "कॅप्टन, जोक भारी होता!"

फ्लोरियन हसला नाही. त्याने फळी बाकावर नीट ठेवली, जाळी घेतली आणि मासा झोकात वर काढला. चांगला मोठा वॉलआय होता. मग तो पुन्हा कठड्याशी गेला आणि दुसऱ्या काठीची दोरी गुंडाळायला लागला. तिचा झेंडा उभाच होता, मासा नव्हताच.

"ही बघ आणखी एक," तो म्हणाला. फळी काढली, पुसली, पहिलीवर ठेवली. मग तिसरी. मग पलीकडच्या बाजूच्या. दोघं भाऊ आपापल्या काठ्यांपासून मागे सरकले आणि तो एकेक दोरी आत घेत राहिला, काळजीने, दुसऱ्याची वस्तू हाताळावी तसा. सरोवरात क्लिमेकचा एकही गळ उरला नाही. बाकावर लाल-हिरव्या फळ्यांची चळत झाली.

"बर्नी, आज किती सुटल्यात बघ," तो म्हणाला. "रात्री वादळ झालं का?"

ड्वेनचं हसू कधीच थांबलं होतं. हर्शेल स्वतःच्या बुटांकडे बघत होता. बर्नीने आरशातून नजर काढली आणि ती मागे वळली.

"हो," ती म्हणाली. "मोठं वादळ झालं."

"तरीच." त्याने मान हलवली. "चल मग. लोक वाट बघत असतील."

बर्नीने बोट वळवली. आत येताना फ्लोरियन मधेच म्हणाला की मालक मिळाला तर बरं, फळ्या नव्या दिसतायत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पाण्यावर तरी तो तिचा राहील, एवढीच तिची मागणी होती. फार मोठी नव्हती. पाण्याने तीही पुरवली नाही.

धक्क्याला लागल्यावर फ्लोरियन फळ्या कवेत घेऊन सरळ कुंपणाकडे गेला आणि एकेक करून तारेला टांगल्या. नावं बाहेर येतील अशा, पद्धतीप्रमाणे. डिझेल भरायला आलेले कॅप्टन बघत राहिले. त्यांच्यात क्लेटस होता, शेजारच्या धक्क्याचा, फ्लोरियनने ज्याची सगळ्यात जास्त टर उडवली असेल तो. फळ्यांवरचं नाव त्याने वाचलं, फ्लोरियनकडे पाहिलं, आणि त्याचं तोंड उघडं राहिलं. फ्लोरियन त्याला म्हणाला, "यांचा कुणी आला तर सांग, जपून आणल्यात." क्लेटसने टोपी काढली. घाम पुसायला काढली असं त्याने केलं. बर्नीची मूठ त्या दिवशी उघडली. सगळ्या बंदराने आत बघितलं, आणि कुणी एक शब्द विचारला नाही.

संध्याकाळी क्लेटसने फळ्या उतरवल्या आणि गुपचूप तिच्या पोर्चवर आणून ठेवल्या. सकाळी फ्लोरियनला त्या तिथे दिसल्या. "अरे, या कुणाच्या?" तो म्हणाला आणि चालत जाऊन पुन्हा टांगून आला. क्लेटसने पुन्हा आणल्या. फ्लोरियनने पुन्हा नेल्या. तिसऱ्या खेपेला बर्नी दारात उभी होती.

"नको आणत जाऊस, क्लेटस."

"बर्नी, तुमच्या आहेत त्या."

"माहितीय रे मला."

"कुंपणावर क्लिमेकची फळी..." क्लेटस एवढं बोलला आणि त्याला पुढचं म्हणवेना. तो फक्त म्हणाला, "बरं दिसत नाही ते."

"राहू दे," बर्नी म्हणाली. "त्याला तिथे जायला बरं वाटतं. दुसरीकडे कुठे जायला उरलं नाहीये."

तसं ते राहिलं. बोट पाण्याबाहेर निघाली आणि ताडपत्रीखाली गेली. मेपलची पानं लाल झाली, गिऱ्हाइकं थांबली, डोरीनने दुकान बंद करून काचांना आतून कागद लावला. बर्नी रोज सकाळी फ्लोरियनला कोट घालून धक्क्यावर न्यायची. तो कुंपणावरची नावं वाचायचा. वाचता अजून येत होतं. सुरुवातीला एकदा ती म्हणाली होती, "अरे, हे आपलंच नाव आहे. या तुझ्या फळ्या आहेत, फ्लोरियन." तेव्हा तो इतका घाबरला होता, आपण काय केलं, कुठे हरवल्या, गिऱ्हाइकं कुठे आहेत, असं म्हणत रडला होता, की तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी, काठाशी पाणी गोठायला लागलं होतं तेव्हा, तो त्या फळ्यांपाशी थांबला. लाल रंगाचे पोपडे निघायला लागले होते. त्याने हातमोजा काढून अक्षरांवरून बोट फिरवलं.

"क्लिमेक," तो म्हणाला. "फ्लोरियन क्लिमेक. तो डोलकाठीवाला."

"ओळखतोस त्याला?"

"त्याला कोण ओळखत नाही? पण याच्या फळ्या कधी कुंपणावर नसायच्या." तो पुढच्या फळीकडे गेला, तिच्या पुढच्या, आणि शेवटची वाचून परत फिरला. "सगळ्याच आहेत. अख्खा हंगाम कुणी न्यायला आलं नाही?"

"नाही."

तो पाण्याकडे वळला. बर्नीला वाटलं विसरला. ती त्याचा हात धरून निघणार, एवढ्यात तो म्हणाला, "मग बुडाला तो."

"हो," बर्नी म्हणाली.

"चांगला माणूस होता. तोंडाचा फाटका, पण चांगला." मग एकदम त्याच्या कपाळाला आठी पडली. त्याने तिच्याकडे वळून विचारलं, धक्क्यावर भेटलेल्या कुणाही बाईला विचारावं तसं, अदबीने. "त्याची बायको असायची हो बोटीवर. बर्नडीन. कायम बरोबर. ती तरी वाचली का?"

बर्नीने एकदा फळ्यांकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "तीही बरोबरच होती."

फ्लोरियनने टोपी काढली आणि छातीशी धरली. बर्नीनेही डोक्याचा रुमाल सोडला आणि ती त्याच्या शेजारी उभी राहिली.